इंग्रजी कळत नाही, तरी रॉक ऐकायचंय? खान्देशातल्या नव्या श्रोत्यांसाठी ८ बँड आणि ७ दिवसांचा प्लॅन

क्वीन, पिंक फ्लॉइड, मेटॅलिका ही नावं टी-शर्टवर वाचली आहेत, पण ऐकायची सुरुवात कुठून करायची हेच कळत नाही? मग हे वाचा.

डिजिटल डेस्क, जळगाव/धुळे : पुण्यात, नाशकात किंवा मुंबईत वरात निघाली की कधी ना कधी एखादं अहिराणी गाणं लागतंच. यूट्यूबवर खान्देशी गाण्यांना कोट्यवधी व्ह्यूज आहेत. ही गाणी ऐकून नाचणाऱ्या सगळ्यांना अहिराणी येते का? अजिबात नाही. त्यांना ठेका कळतो, चाल कळते, गाणाऱ्याच्या आवाजातला ठसका कळतो. शब्दांचा अर्थ ते नंतर कुणा खान्देशी मित्राला विचारतात.

भाषा न कळताही गाणं पोहोचतं, हे खान्देशाइतकं कुणाला माहीत असणार? तरीही परदेशी रॉकचा विषय निघाला की जळगाव-धुळ्यातली बरीच मुलं मागे सरकतात. शिक्षणासाठी पुण्याला गेल्यावर हॉस्टेलमध्ये कुणीतरी विचारतं, "कोणता बँड ऐकतोस?" आणि आपण गप्प होतो. हे संगीत इंग्रजी मीडियमवाल्यांचं, मोठ्या शहरातल्यांचं, असं मनात पक्कं बसलेलं असतं.

प्रत्यक्षात या संगीतातली बरीच मोठी नावं कारखान्यांच्या वस्त्यांतून, बंदरांच्या शहरांतून आणि लाकूडतोडीच्या छोट्या गावांतून आली आहेत. आज ते ऐकायला वेगळा खर्चही नाही. ज्या अ‍ॅपवर तुम्ही अहिराणी गाणी ऐकता, त्याच अ‍ॅपवर हे सगळं आहे. अडचण एवढीच की अ‍ॅप तुम्ही आधी ऐकलंय तसलंच पुढे सुचवत राहतं. म्हणून पहिली काही नावं तुम्हालाच सर्च करावी लागतात.

■ रॉक म्हणजे नेमकं काय?

१९५०च्या दशकात अमेरिकेत कृष्णवर्णीयांचं ब्लूज आणि गावाकडचं कंट्री संगीत एकत्र आलं, त्यातून रॉक अँड रोल तयार झालं. चक बेरी हे त्यातलं मोठं नाव. १९६०च्या दशकात इंग्लंडमधल्या पोरांनी ते उचललं, आपल्या पद्धतीनं वाजवलं आणि जगभर नेलं.

साधारण रॉक बँडमध्ये चार गोष्टी असतात : इलेक्ट्रिक गिटार, बेस गिटार, ड्रम आणि गायक. गिटारचा तो घरघरणारा आवाज कुठून येतो? गिटारच्या पोलादी तारांखाली चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. तार हलली की वेटोळ्यात बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो आणि तो अ‍ॅम्प्लिफायरकडे जातो. अ‍ॅम्प्लिफायरला झेपेल त्यापेक्षा जास्त जोर दिला की आवाज फाटतो. लग्नात जुना कर्णा फुल केला की होतं तेच. फरक इतकाच, की रॉकमध्ये हा फाटलेला आवाज मुद्दाम काढला जातो. त्याला 'डिस्टॉर्शन' म्हणतात. १९६४ मध्ये 'द किंक्स' या इंग्लिश बँडच्या डेव्ह डेव्हिस यांनी तर स्पीकरचा कागदी पडदा ब्लेडनं खरोखरच फाडला आणि तसा आवाज काढला होता.

ऐकताना तीन शब्द माहीत असले तरी पुरे :

• रिफ : गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून. गाण्याची ओळख बहुतेक वेळा हीच असते.
• कोरस : ध्रुवपद. गर्दी एकत्र गाते तो भाग.
• सोलो : गायक थांबतो आणि एकटी गिटार बोलते तो भाग.

■ हे आपल्यापासून इतकं लांब आहे का?

वाटतं तितकं नाही. काही दुवे पाहा :

• क्वीनचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांचं मूळ नाव फारुख बुलसारा. झांझिबारमध्ये जन्मलेल्या या पारशी मुलाचं शालेय शिक्षण आपल्या पाचगणीत, सेंट पीटर्स शाळेत झालं. 'द हेक्टिक्स' या शाळेतल्या बँडमध्ये तो पियानो वाजवायचा.
• बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसन यांनी जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांसोबत रेकॉर्डिंग केलं होतं.
• लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट १९७२ मध्ये मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन दोन गाणी नव्यानं रेकॉर्ड केली. ती अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ साल उजाडलं.
• मुंबईत 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव १९८६ पासून सुरू झाला. पुण्यात २०१० मध्ये 'एनएच सेव्हन वीकेंडर' सुरू झाला.
• यू-टू हा आयर्लंडचा बँड डिसेंबर २०१९ मध्ये, तर कोल्डप्ले जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर वाजवून गेला. मे २०२५ मध्ये गन्स अँड रोझेस मुंबईत येऊन गेले.

म्हणजे रॉक महाराष्ट्रात कधीचाच पोहोचला. पण तो मुंबई-पुण्याच्या पुढे फारसा सरकला नाही, कारण कार्यक्रम तिथे, कॅसेटची दुकानं तिथे आणि त्यावर लिहिणारी वर्तमानपत्रंही इंग्रजी. फोननं यातल्या बऱ्याच अडचणी संपवल्या आहेत.

■ कोणते ८ बँड ऐकावेत?

खालची यादी 'सर्वांत भारी कोण' अशी नाही. तुम्हाला आधीपासून काय आवडतं, त्यावरून ती लावली आहे. आपली आवड शोधा आणि तिथून सुरुवात करा.

१) वरातीत पाय थिरकतात? मग एसी/डीसी

पक्का, सरळ चारचा ठेका. उगाच गुंतागुंत नाही. ऑस्ट्रेलियाचा हा बँड माल्कम आणि अँगस यंग या दोन भावांनी १९७३ मध्ये सिडनीत सुरू केला. त्यांचं कुटुंब स्कॉटलंडमधून तिथे स्थलांतरित झालेलं. अँगस स्टेजवर शाळेचा गणवेश घालून गिटार वाजवतो, तीच त्याची ओळख.

फेब्रुवारी १९८० मध्ये त्यांचे गायक बॉन स्कॉट यांचं निधन झालं. बँड संपला असंच सगळ्यांना वाटलं. पण ब्रायन जॉन्सन यांना घेऊन त्यांनी त्याच वर्षी जुलैमध्ये 'बॅक इन ब्लॅक' हा अल्बम आणला. गेलेल्या मित्राच्या दुखवट्यासाठी मुखपृष्ठ पूर्ण काळं ठेवलं. जगात सर्वाधिक खपलेल्या अल्बममध्ये आज त्याची गणना होते.

पहिलं गाणं : 'थंडरस्ट्रक'. पुढे : 'बॅक इन ब्लॅक'.
काय ऐकायचं : ड्रम एकदा सुरू झाला की शेवटपर्यंत हलत नाही. मान आपोआप हलायला लागते.

२) आरती-भजनासारखं सगळ्यांनी मिळून गायला आवडतं? मग क्वीन

नव्या श्रोत्याला एकच बँड सुचवायचा असेल तर हाच. १९७७च्या 'वी विल रॉक यू'मध्ये बराच वेळ वाद्यच नाही. दोनदा पाय आपटायचा, एकदा टाळी द्यायची, बस्स. गाणं संपत आलं की मगच गिटार येते. गिटारवादक ब्रायन मे यांनी ते लिहिलं, ते ऐकणाऱ्या गर्दीनं गाण्यात भाग घ्यावा म्हणून. टाळ-चिपळ्यांच्या तालावर वाढलेल्याला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही.

'बोहेमियन राप्सडी' हे १९७५चं गाणं जवळपास सहा मिनिटांचं आहे. हळवी सुरुवात, मग गिटार, मध्येच ऑपेरा, मग दणदणीत रॉक, आणि शेवटी पुन्हा शांतता. एका गाण्यात चार गाणी असावीत तसं.

इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी एक खास गोष्ट : मे यांनी शाळकरी वयात वडिलांच्या मदतीनं स्वतःची गिटार बनवली. त्यासाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरलं. तीच गिटार त्यांनी आयुष्यभर वाजवली. २००७ मध्ये त्यांनी खगोलभौतिकीत पीएचडीही पूर्ण केली.

पहिलं गाणं : 'वी विल रॉक यू'. पुढे : 'बोहेमियन राप्सडी', आणि यूट्यूबवर १३ जुलै १९८५चा लंडनमधला 'लाइव्ह एड' कार्यक्रम. वीसेक मिनिटांत फ्रेडी अख्ख्या वेम्ब्ली स्टेडियमला कसा गायला लावतो ते पाहा.

३) जुनी हिंदी गाणी, भावगीतं आवडतात? मग बीटल्स

छोटी गाणी, गोड चाली, स्पष्ट उच्चार. इंग्रजी शब्द सर्वांत लवकर कळतील ते याच बँडचे. लिव्हरपूल या बंदराच्या शहरातली ही चार पोरं. १९६२ ते १९७० एवढ्याच काळात त्यांनी जे रेकॉर्ड केलं, त्यावर पुढचे बहुतेक बँड उभे आहेत.

भारतीय कानासाठी इथे आणखी एक दरवाजा आहे. १९६५च्या 'रबर सोल' अल्बममध्ये जॉर्ज हॅरिसन यांनी सतार वाजवली. पुढे ते पंडित रविशंकर यांच्याकडे शिकले आणि १९६८ मध्ये सगळा बँड ऋषिकेशच्या आश्रमात राहून आला.

पहिलं गाणं : 'हिअर कम्स द सन'. पुढे : 'लेट इट बी', मग पूर्ण 'अ‍ॅबी रोड' अल्बम.
काय ऐकायचं : तीन जणांचे आवाज एकावर एक कसे बसतात ते. पाश्चात्त्य संगीतात याला 'हार्मनी' म्हणतात. एकच चाल सगळ्यांनी गाण्याची सवय असलेल्या आपल्या कानाला ती नवी वाटेल.

४) हळवी, आजच्या काळातली गाणी हवीत? मग कोल्डप्ले

लंडनच्या कॉलेजात भेटलेले हे चार मित्र. आवाज मऊ आहे, आरडाओरड नाही. रॉकचे जुने चाहते यांना 'फारच गोड' म्हणतात, तिकडे लक्ष देऊ नका. सुरुवातीला गोडच बरं.

पहिलं गाणं : 'यलो'. पुढे : 'फिक्स यू'.
काय ऐकायचं : 'फिक्स यू' ऑर्गन आणि आवाजावर शांतपणे सुरू होतं. मग गिटार शिरते आणि सगळं गाणं उसळतं. हळूहळू चढत जाण्याची ही रीत आपल्याकडे कव्वालीत असते.

५) आलाप ऐकायचा धीर आहे? मग पिंक फ्लॉइड

घाई असेल तर हा बँड सोडून द्या. 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' या गाण्यात गायकाचा आवाज यायला आठ मिनिटांहून जास्त वेळ लागतो. तोवर गिटार आणि कीबोर्ड रंग भरत राहतात. शास्त्रीय गायनाची मैफल ऐकणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

हे गाणं त्यांनी आपल्याच एका साथीदारासाठी केलं. सिड बॅरेट हे बँडचे पहिले नेते. मानसिक आजारपणामुळे त्यांना १९६८ मध्ये बँड सोडावा लागला. सात वर्षांनी, १९७५ मध्ये, उरलेल्या चौघांनी त्यांच्या आठवणीत 'विश यू वेअर हिअर' हा अल्बम केला.

त्याआधीचा १९७३चा 'द डार्क साइड ऑफ द मून' साधारण ४३ मिनिटांचा आहे. धुळ्याहून जळगावच्या एसटीत बसताना लावलात तर पारोळा येईपर्यंत संपतो. वेळ, पैसा, भीती, वेडेपणा हे त्याचे विषय. गाणी एकमेकांत मिसळलेली आहेत, म्हणून मध्ये 'नेक्स्ट' दाबू नका. त्यातलं 'मनी' हे गाणं तबला शिकणाऱ्यांनी जरूर मोजून पाहावं. त्याचा ठेका सातचा आहे, आपल्या रूपक तालात सात मात्रा असतात तसा. गिटारचा सोलो आला की ठेका चारचा होतो. नेमका कुठे बदलतो ते पकडता आलं तर समजा कान तयार झाला.

पहिलं गाणं : 'विश यू वेअर हिअर'. पुढे : 'द डार्क साइड ऑफ द मून', सलग.

६) जड, गरजणारं काही हवंय? मग ब्लॅक सॅबथ आणि तिथून मेटॅलिका

एमआयडीसीत काम करणाऱ्यांनी ही गोष्ट वाचायलाच हवी. बर्मिंगहॅम हे इंग्लंडमधलं कारखान्यांचं शहर. तिथे १७ वर्षांचा टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात मशीनवर होता. मशीनमध्ये हात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका तोच. डॉक्टर म्हणाले, गिटार विसर.

कारखान्याच्या फोरमननं त्याला एक रेकॉर्ड ऐकवली. वाजवणारा होता जँगो राइनहार्ट, ज्याच्या डाव्या हाताची दोनच बोटं नीट चालायची. आयोमीनं मग प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांच्या टोकांसाठी टोप्या बनवल्या, त्यावर चामडं चिकटवलं आणि पुन्हा वाजवायला बसला. तारा दाबायला त्रास होऊ नये म्हणून त्यानं हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैल करून वाजवू लागला. सैल तारेचा सूर खाली जातो, आवाज जड होतो. आज ज्याला 'हेवी मेटल' म्हणतात, त्याचा तो गडद आवाज घडण्यात या अपघाताचा मोठा वाटा आहे.

बँडच्या नावानं घाबरू नका. ते १९६३च्या एका भयपटावरून घेतलंय. ५ जुलै २०२५ला त्यांनी आपल्याच बर्मिंगहॅममध्ये शेवटचा कार्यक्रम केला आणि २२ जुलैला गायक ऑझी ऑझबॉर्न यांचं निधन झालं.

पहिलं गाणं : 'पॅरानॉइड' (१९७०). तीन मिनिटांच्या आत संपतं.
पुढे : अमेरिकेच्या मेटॅलिकाचं 'नथिंग एल्स मॅटर्स'. ते शांत आहे, म्हणून 'मेटल'ची भीती वाटणाऱ्यांसाठी योग्य. मग 'एंटर सँडमन'. दोन्ही १९९१च्या, 'ब्लॅक अल्बम' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अल्बममधली. हा बँड ऑक्टोबर २०११ मध्ये बंगळुरूला येऊन गेला.

७) रॅप आवडतं, राग साठलाय? मग लिंकिन पार्क

इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमध्ये अनेकांचा पहिला परदेशी बँड हाच असतो, आणि त्याला कारण आहे. माइक शिनोडा रॅप करतात, चेस्टर बेनिंग्टन गातात आणि मग ओरडतात. एक आवाज समजावतो, दुसरा फुटतो. कष्ट करूनही हाती काही न लागणं, घरच्यांच्या अपेक्षांचं ओझं, असे विषय. परीक्षा देत बसलेल्या पोरांना ते लगेच आपले वाटतात.

पहिलं गाणं : 'इन दि एंड' (२०००च्या 'हायब्रिड थिअरी' अल्बममधलं). पुढे : 'नम्ब'.

चेस्टर यांनी जुलै २०१७ मध्ये आत्महत्या केली. २०२४ मध्ये एमिली आर्मस्ट्राँग या गायिकेला घेऊन बँड पुन्हा उभा राहिला.

८) लहान गावात अडकल्यासारखं वाटतं? मग निर्वाणा

नाव आपल्याकडचंच. कर्ट कोबेन हा अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या अ‍ॅबर्डीनचा. लाकूडतोडीवर चालणारं, धंदा बसत चाललेलं गाव. तिथल्या वैतागातून आलेलं हे संगीत १९९१ मध्ये 'नेव्हरमाइंड' अल्बममधून बाहेर पडलं आणि काही महिन्यांतच त्यानं अमेरिकेच्या यादीत मायकल जॅक्सनला मागे टाकलं. वाजवायला अवघड असं फार काही नाही. कडवं हळू, ध्रुवपद जोरात, एवढीच युक्ती. जगभरातल्या गॅरेजमध्ये बसलेल्या पोरांना वाटलं की हे आपल्यालाही जमेल.

पहिलं गाणं : 'कम अ‍ॅज यू आर'. पुढे : १९९३ मध्ये रेकॉर्ड केलेला 'एमटीव्ही अनप्लग्ड' कार्यक्रम.

कोबेन यांनीही एप्रिल १९९४ मध्ये, वयाच्या २७व्या वर्षी आत्महत्या केली. ही गाणी अनेकांना धीर देतात. पण गाणं ऐकूनही मन जड राहत असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर एकटे राहू नका. सरकारची 'टेली-मानस' ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

■ शब्द कळत नाहीत, मग काय करायचं?

तीनदा ऐका.

• पहिल्यांदा : शब्द सोडून द्या. ठेका आणि रिफ पकडा.
• दुसऱ्यांदा : फक्त ध्रुवपद ऐका. बहुतेक गाण्यांत ते दोन-चार साध्या शब्दांचं असतं.
• तिसऱ्यांदा : अ‍ॅपमध्ये शब्द दाखवण्याची सोय असते, ती सुरू करा. अडलेला शब्द डिक्शनरीत पाहा.

ओरडून गायलेलं इंग्रजी ऐकून समजणं इंग्रजी बोलणाऱ्यांनाही जड जातं. त्यामुळे शब्द कळले नाहीत म्हणून आपलं इंग्रजी कच्चं आहे असं समजू नका.

अगदीच परकं वाटत असेल तर हिंदीच्या पायरीवरून चढा. २००८चा 'रॉक ऑन' आणि २०११चा 'रॉकस्टार' या सिनेमांची गाणी आधी ऐका. 'रॉकस्टार'मधल्या 'साड्डा हक'ची गिटार ओरियांथी या ऑस्ट्रेलियन गिटारवादक महिलेनं वाजवली आहे.

■ ७ दिवसांचा प्लॅन

• सोमवार : क्वीन, 'वी विल रॉक यू'. टाळी-पाय करून पाहा.
• मंगळवार : बीटल्सची दोन गाणी.
• बुधवार : एसी/डीसी, 'थंडरस्ट्रक'. जिममध्ये किंवा पळताना उत्तम.
• गुरुवार : कोल्डप्ले, 'यलो' आणि 'फिक्स यू'.
• शुक्रवार : लिंकिन पार्क किंवा निर्वाणा, यातलं एक निवडा.
• शनिवार : ब्लॅक सॅबथ, मग मेटॅलिका.
• रविवार : पिंक फ्लॉइडचा पूर्ण अल्बम. फोन बाजूला ठेवून.

आठवड्यानं स्वतःला विचारा : यातलं कोणतं गाणं मी न सांगता पुन्हा लावलं? ज्याचं उत्तर मिळेल, त्या बँडचा एक पूर्ण अल्बम पुढचा महिनाभर ऐका. पन्नास बँडचं एकेक गाणं ऐकण्यापेक्षा यात जास्त हाती लागतं. बाकीचे सात आवडले नाहीत तरी काही बिघडत नाही.

■ डेटा, इअरफोन आणि कान

• डेटा : १६० केबीपीएस दर्जाचं ऑडिओ तासाला साधारण ७२ एमबी डेटा खातं. व्हिडिओला त्याच्या कित्येक पट लागतो. म्हणून रोज ऐकायचं असेल तर ऑडिओ अ‍ॅप बरं.
• इअरफोन : बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा सूर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो. फोनचा छोटा स्पीकर इतका खालचा आवाज काढूच शकत नाही. म्हणजे फोनवर ऐकलं तर बेसचा बराच भाग ऐकूच येत नाही. साधा वायरचा इअरफोनही मोठा फरक पाडतो.
• कान : आवाज ६० टक्क्यांच्या आत ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसासाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित आहे. आवाज वाढला की ही मर्यादा झपाट्यानं खाली येते. ऐकून झाल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर आवाज नक्कीच जास्त होता.

■ ऐकून पुढे काय?

कॉलेजमध्ये असाल तर एक थेट उपयोग आहे. विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत पाश्चिमात्य एकल गायन, पाश्चिमात्य समूहगान आणि पाश्चिमात्य वाद्यवादन असे स्वतंत्र प्रकार असतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांसाठी असलेल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा 'युवारंग' हा त्याचा पहिला टप्पा. पुढे राज्यस्तरावर 'इंद्रधनुष्य' असतो. लोकनृत्य आणि लोकगीतासाठी खान्देशातून मुलं हक्कानं उभी राहतात. पाश्चिमात्य प्रकारातही तशीच उभी राहायला हरकत नाही. बीटल्सचं तीन आवाजांतलं एखादं गाणं त्यासाठी चांगला सराव ठरेल.

गिटार शिकणाऱ्यांसाठी : 'नथिंग एल्स मॅटर्स'ची सुरुवात मोकळ्या तारा छेडून होते, डाव्या हाताची बोटं तारेवर ठेवावीही लागत नाहीत. पहिल्याच दिवशी काहीतरी ओळखीचं वाजवल्याचा आनंद मिळतो. तिथून रिफकडे जा. एकदा रिफ बसवता आली की त्यावर कोणत्या भाषेत गायचं हे तुम्हीच ठरवायचं. इंग्रजीच हवी असं कुणी सांगितलेलं नाही. अहिराणीही चालेल.